प्रत माहितीसाठी

सोसायटीच्या सत्यनारायणाची आरती झाली, प्रसादाचे द्रोण हातोहात फिरले, की माझे सासरे उठून माईक मागायचे. सुरुवातीला लोकांना वाटायचं, बिल्डिंगमधला सगळ्यात वयस्कर माणूस आहे, दोन शब्द बोलेल, आशीर्वाद देईल आणि बसेल. सासरे घसा साफ करायचे आणि विचारायचे, "इथे बसलेल्यांपैकी अंथरुणाला कोण कोण खिळणार आहे? हात वर करा." लोकांच्या तोंडात शिरा असायचा. हात अर्थातच कोणी वर करायचं नाही. मग ते म्हणायचे, "खिळणार तर आहेतच. तेव्हा तुमचं हागणंमुतणं कोण काढणार, ते तरी ठरलंय का?"

मी तिथेच बायकांत बसलेली असायचे. मान खाली घालून द्रोणातला बेदाणा शोधत राहायचे. शेजारची कोपराने ढोसायची, "अगं, बसव ना त्यांना." जसं काही ते माझं ऐकत होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुंबईतली चाळीतली खोली सोडून विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला. चौथा मजला, लिफ्ट नाही. वर हवा छान येते म्हणून घेतला, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. पाहुणे धापा टाकत वर पोचलेले असायचे, त्यामुळे वाद घालायचे नाहीत. पाणी दिवसाआड टँकरने यायचं आणि शेवटच्या दोन जिन्यांवर हंडे हातांनी चढवावे लागायचे, कारण खालच्या टाकीतलं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर चढायचंच नाही. या बिल्डिंगमध्ये म्हातारं होणं मूर्खपणाचं आहे, हे पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांच्याच लक्षात आलं. बाकी आम्ही सगळे पडद्यांचे रंग निवडत होतो.

सासरे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात होते. आलेल्या पत्रावर नंबर टाकायचा, गेलेल्या पत्रावर नंबर टाकायचा, हेच काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. त्यामुळे तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी भाजी काय करू विचारलं तरी त्यांना ते लेखी हवं असायचं की काय, अशी मी त्यांची चेष्टा करायचे. दूधवाला पाणी घालतो म्हणून त्यांनी त्याला पत्र लिहिलं, आणि पत्राच्या तळाशी डाव्या बाजूला लिहिलं, "प्रत माहितीसाठी:" आणि त्याखाली दूधवाल्याच्या थोरल्या भावाचं नाव. दूध महिनाभर घट्ट आलं. ते म्हणायचे, पत्राने काही होत नाही, पत्र कोणाकोणाला गेलंय हे कळलं की होतं.

अंथरुणाचं वेड त्यांना लागलं त्यालाही कारण होतं. चाळीत त्यांची आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. त्या चार वर्षांत तिला उचलणं, धुणं, कूस बदलणं, सगळं माझ्या सासूबाईंनी केलं. सासरे सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी येऊन आईच्या पायाशी दहा मिनिटं बसायचे आणि चाळ म्हणायची, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. त्यांनी एकदाही चादर बदलली नाही. आई गेली, आणि वर्ष उलटायच्या आत सासूबाई गेल्या. तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासरे हे सगळं माईकवरून सांगायचे. "माझ्या आईला माझ्या बायकोने रोज उचललं. मी माझ्या बायकोला एकदाच उचललं, तेही चौघांनी मिळून." एवढं बोलून ते थांबायचे. टाळ्या वाजवायची सोय नव्हती आणि रडायला कोणी तयार नव्हतं. मग कोणीतरी म्हणायचं, चला, पंगत मांडा.

भाषणाला कोणी दाद देत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रश्नावली काढली. एका पानावर अकरा प्रश्न. तुमचा मजला कितवा? लिफ्ट आहे का? पाणी किती वेळ येतं? अंथरुणावरच्या माणसाला दिवसाला सहा-सात बादल्या लागतात, त्या वर कोण नेणार? सकाळी आठ ते रात्री आठ घरात कोण असतं? त्या व्यक्तीची पाठ धड आहे का? आणि नववा प्रश्न, त्या व्यक्तीला तुम्ही आवडता का, खरं लिहा. त्याच्या झेरॉक्स काढून ते वाटत सुटले. सोसायटीची सहल कळंबच्या समुद्रावर गेली, तिथेही वाळूत बसलेल्या माणसांच्या मांडीवर त्यांनी एकेक कागद ठेवला. परतताना बघितलं तर बहुतेकांनी त्यावर भजी घेतली होती. एकाने मात्र नववा प्रश्न भरला होता. त्याने "नाही" लिहिलं होतं आणि नाव खोडलं होतं. सासऱ्यांनी तो कागद जपून फाईलला लावला.

खरी आग लागली ती हळदीकुंकवाला. संक्रांतीनंतर सोसायटीच्या बायकांनी गच्चीवर कार्यक्रम ठेवला होता आणि महिला मंडळाच्या बाईंना कोणीतरी वक्ता हवाच होता, म्हणून सासऱ्यांना बोलावलं. ते मंडपात उभे राहिले आणि त्यांनी उदाहरण म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे बोट केलं. काकू वसईच्या खाडीकडच्या गावातल्या. शेत होतं, भात व्हायचा. मुलांनी शेत विकलं आणि आईला घेऊन थोरला इथे दुसऱ्या मजल्यावर आला. नवरा केव्हाच गेलेला. हळदीकुंकवाला त्या वाण घ्यायला यायच्या नाहीत, मागे बसून नुसत्या बघायच्या. सासरे म्हणाले, "या बाई घ्या. दोन मुलगे. धाकट्याचं तोंड दिवाळीला दिसतं. थोरल्याची बायको वर्षभर यांच्याशी बोलत नाही, बिल्डिंगला माहीत आहे. उद्या यांना अर्धांगवायू झाला तर यांना कोण धुणार?"

काकू उठल्या, त्यांनी पदर सारखा केला.

"दादा, तुमी मना चार लोकांत नागडी केली," त्या म्हणाल्या. "तुमचीपन येळ येल. त्या दिशी मी हाय, बघीन."

घरी आल्यावर मी सासऱ्यांना फाडफाड बोलले. लग्नानंतर पहिल्यांदाच. ते शांतपणे म्हणाले, "मी खोटं बोललो का?"

"खरं असेल तर घरी जाऊन सांगायचं होतं. चारचौघांत कशाला?"

"घरात सांगितलं की माणसं चहा विचारतात," ते म्हणाले. "चारचौघांत सांगितलं की लक्षात राहतं."

मला तेव्हा त्यांचा मनापासून तिटकारा आला. आणि रात्री भांडी घासताना मी हळूच मनाशी नववा प्रश्न सोडवून पाहिला. उत्तर त्या समुद्रावरच्या माणसासारखंच आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ते एका रविवारी एकटेच बसने कामणच्या पुढे जाऊन आले. भिवंडी रस्त्याला, गोदामांच्या मागे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक घर होतं. त्यांनी तिथले नळ उघडून बघितले, गाद्यांचा वास घेतला, कामाला असलेल्या बायकांना विचारलं की तुम्ही इथे किती वर्षं आहात. बोअरचं पाणी चोवीस तास, सगळं तळमजल्यावर. परत आले ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कागद लिहिला आणि आमच्यासमोर मोठ्याने वाचला. नवऱ्याच्या हातात पोह्यांची बशी होती.

कागदात चार कलमं होती. सुनेने माझ्या अंगाचं काहीही करायचं नाही. तिला नोकरी आहे आणि पाठही आहे. पडलो तर दोन महिने घरी ठेवावं, पगारी माणूस लावून. दोन महिन्यांत स्वतःच्या पायांनी संडासला जाऊ लागलो नाही, तर कामणच्या पुढच्या त्या घरात नेऊन ठेवावं, पेन्शनमध्ये भागतं. आणि चौथं कलम त्यांनी जरा सावकाश वाचलं. "त्या वेळी मी रडेन, विनवण्या करीन, शिव्या देईन, आईची शपथ घालीन. ऐकू नये. तो मी नसेन."

"बाबा, सकाळी सकाळी कसलं अभद्र बोलता," नवरा म्हणाला आणि बशी घेऊन आत गेला. खरं सांगायचं तर मी पहिल्या कलमापाशीच अडकले होते. माझ्या पाठीचा विचार त्या घरात तोवर कोणी केला नव्हता. ज्याचा मी तिटकारा करत होते, त्यानेच केला.

कागदाच्या तळाशी डाव्या बाजूला "प्रत माहितीसाठी" होतंच. सोसायटीचे सेक्रेटरी, डॉक्टर, खालचे वाणी आणि चौथं नाव दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. मी म्हटलं, "त्यांना कशाला? त्या तुमचं तोंड बघत नाहीत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "बाकीच्यांना ऐन वेळी माझी दया येईल. तिला यायची नाही."

ते स्वतः खाली जाऊन काकूंना प्रत देऊन आले आणि वहीत त्यांची पोहोच घेऊन आले. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी तो कागद उंबऱ्यातच वाचला, वहीत सही केली आणि दार लावलं.

दोन वर्षांनी, टँकर आलेल्या एका सकाळी, पिंप रांगेत लावता लावता सासरे आवारात कोसळले. उजवी बाजू गेली. पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना चार मजले वर आणलं. जीभ जड झाली होती, पण लक्ष देऊन ऐकलं तर सगळं कळायचं. डोकं शाबूत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे बऱ्याच लोकांना मी वेगळं सांगितलं.

पहिला पगारी माणूस अठरा दिवस टिकला. म्हाताऱ्याचं करायला माझी ना नाही, पण पाणी चढवायला मी हमाल नाही, असं म्हणून तो गेला. दुसरा सकाळीच पिऊन यायचा. तिसरा जिना बघूनच परतला. मग कोण उरलं? मी दुपारच्या शाळेत शिकवायचे, साडेअकराला घर सोडायचे. सकाळी पाचला उठून त्यांना धुवायचे, पुसायचे, कपडे बदलायचे, भरवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही दात आवळले होते. पंधरा दिवसांत दोघांचीही लाज मेली. मग उलटंच झालं. त्यांना माझ्याशिवाय कोणाचा हात चालेना. मुलगा जवळ गेला तर अंग ताठ करायचे.

मुलगा तरी कुठे जवळ जात होता म्हणा. तो रात्री नऊला यायचा, हातपाय धुऊन बापाच्या पायाशी दहा मिनिटं बसायचा. बिल्डिंग म्हणायची, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मला हसू यायचं. हे हसू चांगलं नव्हतं.

दोन महिने झाले, तीन झाले. कागदाचा विषय घरात कोणी काढला नाही. संध्याकाळी सहाला मी शाळेतून आले की ते दुपारपासून ओल्यात पडलेले असायचे. पाठीला जखमा झाल्या. शेजारीण दुपारी डोकावून चहा पाजायची, पण पुढचं काम तिचं नव्हतं, तिला दोष देता येत नाही. मी हळूहळू बदलत गेले. आधी हात राठ झाले. कूस बदलताना मी जरा जोराने ढकलू लागले. गरम पाणी जरा जास्त गरम, गार पाणी जरा जास्त गार. कोणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. त्यांच्या लक्षात यायचं.

एका रविवारी दुपारी मी चहा गाळला आणि त्यांनी हाक मारली. काय झालं असेल ते मला माहीत होतं. मी चहा प्यायले. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी आणखी अर्धा कप करून घेतला. नवरा बाहेर गेला होता. मी पेपरची पुरवणी उघडली आणि पाककृतीपासून राशिभविष्यापर्यंत सगळी वाचली. तासभर तरी गेला असेल. मधे कधीतरी हाका थांबल्या. मी आत गेले तेव्हा ते छताकडे बघत पडले होते.

"ऐकू आलं तुला," ते म्हणाले.

"हो, आलं," मी म्हटलं.

त्यांना धुतलं, कोरडं केलं, हात धुतले आणि कपाट उघडून साड्यांखालचा तो कागद काढला. पलंगाजवळ स्टूल ओढून बसले आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पहिलं कलम, दुसरं कलम. शाळेत धडा वाचते तसा, स्वल्पविरामाला थांबत.

"नको," ते म्हणाले. "घरी."

"बाबा, तुम्हीच लिहिलंय."

"तेव्हा... चालत होतो."

मी पुढे वाचलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. जीभ वळत नव्हती, तोंडातून लाळ येत होती, तरी त्यांनी शब्द पुरे केले. "माझ्या आईची शपथ तुला. नको नेऊ." मी काय केलं असेल? मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. "बघा, हेही लिहिलंय. आईची शपथ."

त्यांनी कागद ओढून घेतला. एका हाताने फाडता येईना, तेव्हा तोंडात धरला आणि दातांनी फाडला. चावत राहिले. घशात अडकेल म्हणून मी त्यांच्या तोंडात बोटं घालून तुकडे काढले, आणि काढताना मला राग येत होता, की मरतानाही हा माणूस माझीच बोटं वापरतोय.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तासभर चहा पीत बसले, तेवढं सोडून. त्याचा चेहरा खुलला. "कागद फाडला ना? झालं तर मग. राहू दे त्यांना." राहू दे म्हणजे कोणाकडे, हे त्याने सांगितलं नाही. "तू बघ काय ते," असं म्हणून तो बापाच्या पायाशी दहा मिनिटं बसायला गेला.

"प्रती आहेत," मी म्हटलं, आणि चपला घालून दोन मजले खाली उतरले. सेक्रेटरी समोरच राहायचे. खालच्या वाण्याकडेही प्रत होती. मी काकूंचं दार वाजवलं, कारण मला माझ्यापेक्षा कठोर माणूस हवा होता. एकटीने हे करायची माझी हिंमत नव्हती.

काकूंनी रेशनकार्डाच्या डब्यातून घडी केलेला कागद काढला. "उद्या सकाळी येते," म्हणाल्या.

सकाळी त्या वर आल्या. आमच्या घरात पहिल्यांदाच. नवरा कामाला गेला होता. गुडघे धरत पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या आणि सासऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. सासऱ्यांनी त्यांना ओळखलं.

"वलखलात ना मना?" काकू म्हणाल्या. मग कागद उघडून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, त्यांनी सगळा वाचला. चौथं कलम येईपर्यंत सासरे हुंदके देत होते. डोक्यापासून पायापर्यंत अर्धंच अंग हलत होतं.

काकूंनी कागद मिटला. "दादा, तुमी ह्या कागद मना का दिला, ठाव हाय मना. माझा तुमच्यावर राग हता म्हनून." त्यांनी नाक पुसलं. "पन माझा राग चालत्या मानसावर हता. ह्या मानसावर कसा करू?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. कागद दोन्ही हातांत धरलेला, फाडायला धरतात तसा. "बोल बाय, फाडू?"

सासऱ्यांनी रडणं थांबवलं. ते माझ्याकडे बघू लागले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांची खात्री होती. मी त्यांची सून होते, चार महिने त्यांचं सगळं केलं होतं, माझ्या हाताशिवाय त्यांना चालत नव्हतं. आणि दुसऱ्या मजल्यावरची, ज्यांना त्यांनी चारचौघांत उघडं पाडलं होतं, ती बाईसुद्धा विरघळली होती. आता फक्त माझं "हो" बाकी होतं.

"द्या इकडे," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

काकूंनी कागद दिला. सासऱ्यांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली, उठल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी चांगलंच बोलायच्या, पण घरी कधी आल्या नाहीत.

आठ दिवसांनी सासऱ्यांना नेलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चौघेजण. या वेळी खाली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि दारांत माणसं. सासऱ्यांनी जिन्याचा कठडा डाव्या हाताने धरला, आणि प्रत्येक वळणावर कोणाला तरी त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागत होती. ते काम मी केलं. लोक माझ्याकडे बघायला लागले की मी सांगायचे, "त्यांचीच इच्छा आहे. लेखी आहे. डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून असं करतात." सेक्रेटरींनी मान डोलावली. त्यांच्याकडे प्रत होती.

त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आठ दिवस भेटायला येऊ नका. आठ दिवस रडतात, मग राहतात." आम्ही पंधरा दिवस गेलो नाही.

आणि मग, जे त्या माणसाला तीन वर्षांच्या भाषणांनी जमलं नव्हतं, ते त्या खुर्चीने केलं. महिन्याभरात बिल्डिंगमधल्या नऊ घरांनी माझ्याकडून प्रश्नावली मागून नेली. काहींनी खरंच भरली. एका जोडप्याने चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून तळमजल्यावर घेतला. महिला मंडळांतून मला बोलावणी यायला लागली. विरारला, नालासोपाऱ्याला, वसईला, मी हळदीकुंकवात उभी राहून बोलले. सासऱ्यांपेक्षा मी बरी बोलते, कोणाकडे बोट दाखवत नाही. चालताफिरता असताना ठरवा, म्हणून सांगते. मजला बघा, पाणी बघा, करणाऱ्या माणसाची पाठ बघा. लिहून ठेवा, आणि दर वर्षी पुन्हा वाचून बघा, अजून तसंच वाटतं का. शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांच्या कागदात नव्हतं. बायका वहीत उतरवून घेतात. मी शहाणी बाई आहे, असं माझं नाव झालं.

मी त्यांना सगळं सांगते. पुरवणी वाचत बसले होते ते सांगत नाही, आणि पुढचं सांगत नाही.

सासरे तिथे चौदा महिने जगले. कागदात त्यांनी लिहिलं होतं ते सगळं बरोबर निघालं. पाठीच्या जखमा भरल्या. रोज अंघोळ व्हायची, केस विंचरलेले असायचे, नखं कापलेली असायची. माझ्या घरात ते इतके स्वच्छ कधीच नव्हते. आम्ही महिन्यातून एकदा जायचो, नंतर मी एकटीच जायला लागले, कारण नवऱ्याला बघवायचं नाही. मी दिसले की ते पहिल्यांदा एकच विचारायचे, "न्यायला आलीस?" आणि मी पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "बाबा, तुम्हीच लिहिलंय ना." ते मान वळवायचे. मग मी केळं सोलून भरवायचे, ते खायचे.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा ते खिडकीजवळच्या खाटेवर होते. दाढी केलेली, पांढरा सदरा. बोलणंही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. मी पिशवी ठेवली. गोदामांच्या बाजूला एक ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज येत होता. मी सवयीने म्हणाले, "बाबा, तुम्हीच लिहिलंय ना."

त्यांनी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी आमच्याकडे बघितलं. सासरे अगदी स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता म्हणाले, "लिहिलं मी. आणलंस तू."

मी केळी त्यांच्या उशाशी ठेवली आणि बसची वेळ झाली असं सांगून निघाले.